पांधणीच्या मापाची गाडी

यवतमाळहून आमच्या वावरात जायचं तर जवळपास सगळा रस्ता चांगला आहे. दारव्हा रोड डांबरी, गावात शिरल्यावर सिमेंट. शेवटी राहते ती पांधण. गावामागून निघते, नाला ओलांडते आणि धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, पुढे जाते. दोन बंड्या समोरासमोर आल्या तर एकीला कोणाच्या तरी वावरात उतरावं लागतं, एवढीच तिची रुंदी. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला, की ती या पांधणीसाठी घ्यायची. बाकीच्या रस्त्यावर कुठलीही गाडी जाते.

शोरूममध्ये पांधणीचं कोणी विचारत नाही. तिथे आधी दादाला खुर्ची देतात आणि मग म्हणतात, "सर, टॉप मॉडेलच बघायचं ना?" दादा पुण्याला असतो, दिवाळीला आणि पोळ्याला येतो. वावर मी पाहते. ठिबकच्या नळ्या, खताची पोती, संत्र्याच्या कॅरेट आणि पुढच्या सीटवर बाबा, एवढं सगळं त्या गाडीत जायचं होतं. पण किल्ली दादाच्या हातात दिली गेली आणि मला ब्रोशर. एका अर्थाने बरंच झालं. दादा स्क्रीनवर बोटं फिरवत होता तेव्हा मी ते नीट वाचून काढलं.

आमच्याकडे 'टॉप मॉडेल' हा सोयरिकीतला विषय आहे. मुलाकडे गाडी आहे एवढ्यावर भागत नाही, कोणतं मॉडेल हेही विचारतात. त्यामुळे बेस मॉडेल घेणाऱ्याची थोडी कीव केली जाते. खाली वाकून पाहणारा मात्र फार वेळ कीव करणार नाही. मारुतीच्या जिम्नीचंच घ्या. झीटा आणि अल्फा अशी तिची दोन व्हेरियंट. अल्फाला अलॉय चाकं, एलईडी दिवे, नऊ इंची स्क्रीन, क्रूझ कंट्रोल. झीटाला लोखंडी चाकं, साधे हॅलोजन दिवे, सात इंची स्क्रीन. खाली मात्र दोन्ही सारख्याच. तेच दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, तीच लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा, पुढे-मागे दोन चाकांना जोडणारे तेच अखंड ॲक्सल, लो रेंजचा, म्हणजे हळू पण जास्त ताकदीने चालवणाऱ्या गिअरचा, तोच दांडा, जमिनीपासून तीच २१० मिलिमीटर उंची आणि टायरचं मापही तेच, १९५/८० आर १५. जादा पैसे बसणाऱ्याच्या सोयीला जातात. चिखलात उतरणाऱ्या चाकाच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

२०२० साली महिंद्राची नवी थार आली तेव्हा तर याहून गंमत होती. खालच्या एएक्सला १६ इंची लोखंडी चाकं आणि २४५/७५ चे टायर, वरच्या एलएक्सला १८ इंची अलॉय आणि २५५/६५ चे टायर. या मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा सांगतो त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. गुणाकार केला की एएक्सची भिंत भरते १८४ मिलिमीटर आणि एलएक्सची १६६. दगडावर दबणारी, हवा कमी केल्यावर पसरणारी, रिमला मार लागू न देणारी जी भिंत, ती स्वस्त गाडीला जास्त मिळत होती. पूर्ण चाक मोजलं तर अठरा इंचीच दीड सेंटिमीटरने मोठं, हे मान्य. आणि दिसायला तेच भारी दिसतं, खोटं कशाला बोला.

तरी बेस मॉडेल डोळे मिटून घ्यावं असं मी म्हणणार नाही. २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीसुद्धा मिळते. लग्नाच्या वरातीत ती आणि फोर बाय फोर शेजारी उभ्या केल्या तर फरक सांगता येत नाही, तो नाल्याचा चढ लागल्यावर कळतो. म्हणून व्हेरियंट निवडताना विचारायचं ते चाकांचं. चारही चाकांना ताकद जाते का, लो रेंज आहे का, आणि एक चाक मोकळं फिरायला लागलं तर गाडी काय करते. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा ॲक्सलमधला गिअरचा गोळा म्हणजे डिफरन्शियल. त्याचा स्वभाव असा, की जे चाक घसरतं त्यालाच ते फिरवत बसतं. एक चाक गाऱ्यात आणि एक कोरड्या धुऱ्यावर असेल, तर गाऱ्यातलं गरगर फिरतं आणि धुऱ्यावरचं ढिम्म हलत नाही. गुरखा गाडीला पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात. जिम्नी घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते आणि ताकद दुसरीकडे वळवते. लॉक जास्त खात्रीचं, पण ब्रेकवाल्यानेही बरंच काम भागतं. सनरूफबद्दल यापेक्षा जास्त वेळ बोलणाऱ्या सेल्समनकडून मी पाण्याचा ग्लास घेतला आणि उठले.

आता मातीचं. गाड्यांवर जे सल्ले वाचायला आणि ऐकायला मिळतात ते बहुतेक वाळूत, दगडात किंवा बर्फात चालवणाऱ्यांचे असतात. आमची काळी माती त्या सल्ल्यांत बसत नाही. बेसॉल्टचा खडक झिजून झालेली ही माती, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकण असते. तिच्या बारीक थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते आणि सुकली की आक्रसते. मे महिन्यात तिला एवढ्या भेगा पडतात की हातातली काठी आत जाते. तेव्हा पांधण सिमेंटसारखी टणक असते आणि तिच्यावरून कोणाचीही हॅचबॅक जाते. गाड्यांच्या टेस्ट ड्राइव्ह नेमक्या त्याच दिवसांत होतात, कारण कापसाचे आणि तुरीचे पैसे हातात आलेले असतात.

मग मृगाच्या सरी येतात आणि चप्पल पायापेक्षा जड होते. आम्ही शाळेत जायचो तेव्हा सायकलच्या मडगार्डमध्ये माती ठासून बसायची आणि चाक जाम व्हायचं. मग काडीने माती काढा, दहा पावलं चाला, पुन्हा काढा. शेवटी सायकल खांद्यावर. पावसाळ्यात सायकल आमच्यावर बसते असं मास्तर म्हणायचे. मोटारीच्या टायरचं याहून वेगळं काही होत नाही. नक्षीच्या खाचा भरल्या की तो तिळाच्या लाडवासारखा गोल आणि गुळगुळीत होतो, आणि मग नवा असो की झिजलेला, सारखाच.

टायरचे ढोबळ तीन प्रकार. हायवेचा, ज्याच्या खाचा अरुंद. मड टेरेन, ज्याचे ठोकळे मोठे आणि मधली जागा भरपूर, म्हणजे चाक जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते. आणि या दोघांच्या मधला ऑल टेरेन. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, चिखल आहे ना, मग मड टेरेनच घ्यावा. दादाचंही तेच म्हणणं होतं. पण हिशेब करून पाहिला. पांधणीवर मी वर्षात जेवढे किलोमीटर घालते त्याच्या कितीतरी पट यवतमाळ, दारव्हा, नागपूर अशा पक्क्या रस्त्यांवर घालते. मोठ्या ठोकळ्यांचा टायर सिमेंटच्या रस्त्यावर घोंघावत राहतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो, लवकर झिजतो आणि पेट्रोल खातो. आषाढातल्या थोड्या दिवसांसाठी बाकी वर्षभर ते सोसायचं का? आणि त्या दिवसांतही तो पार नेईलच असं नाही. दारव्ह्याच्या मिस्त्रीने मला सरळच सांगितलं, "ताई, कोनतंई टायर टाका, भर पावसात काया मातीत गेलं का ते गोटाच होते. थांबाले शिका."

धंदा बुडवणारा असा सल्ला देतो म्हणून मी त्याच्याकडेच जाते.

शिवाय आमच्या टायरचा खरा वैरी चिखल नसून धसकटं आहेत. तूर कापली, कपाशीची पऱ्हाटी काढली की जमिनीत जे खुंट राहतात ते वाळून खिळ्यासारखे होतात, आणि विळ्याने तिरपे कापलेले असल्याने टोक वर. पांधणीवर समोरून ट्रॅक्टर आला की आपण वावरात उतरतो आणि नेमकं धसकट टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतं. चालीचं, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागाचं, पंक्चर काढता येतं. भिंत फाटली तर टायर गेला. म्हणून टायर पाहताना मी नक्षीपेक्षा जास्त वेळ भिंतीचे थर विचारण्यात घालवला. काही ऑल टेरेन टायरच्या भिंतीत तीन थर असतात, ते घ्यावेत. थोडे जड असतात, तेवढं चालवून घ्यावं. भिंतीवर चार आकडी तारीखही कोरलेली असते. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात नवा म्हणून ठेवलेला टायर किती उन्हाळे तिथेच बसून आहे ते यावरून कळतं. आमच्या भागातल्या उन्हाळ्याचं सांगायला नको.

हवेचंही तसंच. टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो साधारण त्याच्या आतल्या हवेइतका असतो. तीस-बत्तीस पीएसआयची हवा वीसवर आणली की टायर लांबट पसरतो आणि गाडी मातीवर तरंगल्यासारखी चालते. सैल, भुसभुशीत मातीत हे फार छान लागू पडतं. चिकण गाऱ्यात कमी, कारण तिथे खाचा साफ होण्यासाठी चाकाला वेगही लागतो. पण हवा काढली की ती परत भरावी लागते, आणि पांधणीच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान नसतं. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. कमी हवेच्या टायरवर कोणी समृद्धी महामार्गावर १२० ने गेलं तर टायर किती तापेल, याचा विचार करवत नाही. तसंच फोर बाय फोरचं. कोरड्या डांबरावर ते लावून ठेवू नये. वळताना पुढच्या-मागच्या चाकांना कमी-जास्त फिरायचं असतं, ते जमत नाही आणि सगळा ताण चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांवर येतो.

रुंद टायर की अरुंद, यावर बाबांचं मत बंडीवरून बनलेलं आहे. लाकडी चाकाची लोखंडी धाव बोटभर रुंद असायची आणि चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत जायची. आमच्या पांधणीच्या अर्ध्या भागात वीतभर मातीखाली जुना मुरूम आहे. तिथे अरुंद टायर बरा, तळ लवकर गाठतो. नाल्याजवळच्या तुकड्यात मात्र तळच नाही. रुंद टायरही तिथे उशिरा बुडतो एवढंच. बाबा म्हणतात, "बंडी फसली तं बैल सोडून घरी येता येते. गाडीले सोडून कुठी जाशीन?" त्या तुकड्याच्या अलीकडे बाभळीखाली गाडी लावायची आणि पुढे पायी जायचं, हे मी गाडी घ्यायच्या आधीच ठरवून टाकलं. तरी कधी फसलीच तर चाकाखाली घालायला पऱ्हाटीचे भारे धुऱ्यावर रचलेले असतात, आणि डिक्कीत बारदान असतं. इंग्रजी नावाच्या महागड्या पट्ट्या याच कामासाठी मिळतात.

सस्पेन्शनच्या बाबतीत आमच्या भागात दोन पंथ आहेत, पाटेवाले आणि स्प्रिंगवाले. बोलेरोच्या मागे आजही पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, असतात. ओझ्याला ते पक्के, पण रिकाम्या गाडीत माणसाला उडवतात. टिपेश्वरला वाघ पाहायला गेलेल्यांना जिप्सीची मागची सीट आठवत असेल. तिच्या चारही चाकांना पाटे, म्हणून सकाळची सफारी झाली की पाहुणे वाघाआधी कंबरेबद्दल बोलतात. पण त्या जिप्सीचं वजन जेमतेम एक टन. जंगलातल्या वाटेवर ती इतकी वर्षं टिकली यात त्या हलकेपणाचा मोठा वाटा आहे. वजन हा आकडा ब्रोशरमध्ये मागच्या पानावर, बारीक अक्षरात असतो. मी तो सगळ्यात आधी पाहिला. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, थार फोर बाय फोर सतराशेच्या वर. गाऱ्यात बुडालेला प्रत्येक किलो शेवटी कोणाच्या तरी ट्रॅक्टरला ओढावा लागतो, आणि तो ट्रॅक्टर पेरणी सोडून यावा लागतो.

स्प्रिंगची गाडी मऊ, पण डीएपीची पाच-सहा पोती मागे टाकली की ती बसते आणि मागची उंची कमी होते. डीएपीचं पोतं ५० किलोचं, युरियाचं आता ४५ किलोचं. गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स लोक रिकाम्या गाडीचं सांगतात. माझी गाडी खरिपात रिकामी नसतेच.

दादाने मग लिफ्ट किट काढलं. दोन इंचांनी गाडी उचलायची, मोठे शॉकअप टाकायचे. फोटो खरंच देखणे होते. मी पांधणीचा फोटो काढून त्याला पाठवला. आमच्या पांधणीत आधी बंडीची चाकोरी होती, आता ट्रॅक्टरने तिच्या जागी दोन खोल नाल्या पाडल्यात आणि मधे मातीचा उंचवटा राहिलाय. अखंड ॲक्सलच्या गाडीत मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो, तोच या उंचवट्यावर टेकतो. लिफ्ट किट गाडीचं अंग उचलतं. ॲक्सल आणि तो गोळा जिथे होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायचं तर मोठा टायरच लागतो. १९५/८० च्या जागी लोक हौसेने २१५/७५ टाकतात, त्याचाही हिशेब मी केला. चाकाचा व्यास ६९३ वरून ७०३ मिलिमीटर होतो. म्हणजे गोळा उचलला जातो पाच मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही कमी. स्पीडोमीटर मात्र तेवढा कमी दाखवायला लागतो.

अखंड ॲक्सलची बाजूही सांगायला हवी. एक चाक धुऱ्यावर चढलं की ते दुसऱ्याला खाली दाबतं, त्यामुळे वाकड्यातिकड्या जागी दोन्ही चाकं जमीन सोडत नाहीत. थारला पुढे प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. त्यामुळे ती रस्त्यावर जास्त शहाण्यासारखी वळते, आणि नागपूरला जाताना ते जाणवतं. मला नागपूरला घाई नसते.

लिफ्टने आणखीही गोष्टी बदलतात. गाडीचा तोल वर जातो, ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, स्टिअरिंग हलकं आणि भटकं होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करू नये असं सांगणारं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. अपघात झाला आणि विमावाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं तर त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही. लिफ्ट, शॉकअप, मजुरी मिळून जो आकडा निघाला तो बाबांना सांगितला तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "एवढ्यात मुरमाच्या ट्रॉल्या किती व्हतेत?" गौण खनिजाचा परवाना आणि वाहतूक धरूनही बऱ्याच होत होत्या. शेजारच्या तिघा कास्तकारांनी आपापला वाटा घातला आणि उन्हाळ्यात नाल्याच्या उतारावर मुरूम पडला. आता तिथून शेजाऱ्याची अल्टोसुद्धा उतरते, हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही.

गाडी शेवटी जिम्नी झीटा घेतली, लोखंडी चाकांची, पांढरी. लोखंडी रिम वाकली तर दारव्ह्यात घणाने ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला तर शहर गाठावं लागतं. सस्पेन्शनला हात लावला नाही. टायर तेवढे बदलले, कारण कंपनीकडून येतात ते हायवेच्या वळणाचे. मूळ मापातला ऑल टेरेन दुकानात मिळेना, प्रत्येक जण २१५ पुढे करत होता. शेवटी मागवून घेतला. उरलेल्या पैशांत एक चांगला दोर, तो गाडीला अडकवायची कडी म्हणजे शॅकल, आणि तो कॉम्प्रेसर आला.

वाद झाला तो पायरीवरून. दाराखाली बसवतात ती साइड स्टेप मला नको होती. जिम्नीचा मधला कोन, म्हणजे उंचवट्यावरून जाताना पोट न टेकता जमणारा कोन, मुळातच २४ अंशांचा. त्यात खाली लोखंडी पट्टी लोंबवायची म्हणजे इतका सगळा हिशेब करून पुन्हा तिथेच टेकायचं. पण बाबांचे गुडघे दुखतात. शोरूमच्या अंगणात ते गाडीत चढले तेव्हा एका हाताने दार आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून चढले, आणि वर बसल्यावर म्हणाले, "मस्त हाये," म्हणजे चढायला त्रास झाला. पायरी बसवली. फक्त डावीकडे, कारण उजवीकडून मीच चढते आणि माझे गुडघे अजून शाबूत आहेत. डावी बाजू एकदा उंचवट्यावर घासली, पट्टीला पोचा आहे, बाबा त्यावर पाय ठेवून नीट चढतात. ॲक्सेसरीवाला जोडीनेच देतो, सुटी देत नाही म्हणाला. उजवीकडची नवीकोरी घरी पडून आहे, जिम्नीवाल्या कोणाला हवी असेल तर कळवा.